न वाळणारी कील

माझे सासरे दिगंबर सातपुते यांनी जन्मभर वस्तू नाकारायचं काम केलं आणि सरकारने त्यांना त्याबद्दल नियमित पगार दिला. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते. तिथे नेमकं काय तयार होतं हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही, कारण ते गुप्त होतं. आम्हाला एवढंच कळलं की ढिगातले थोडे नग उचलायचे, चांगल्यावर पांढऱ्या खडूने खूण करायची, वाईटाभोवती लाल खडूने गोल काढायचा आणि त्या थोड्यांत एक जरी लाल निघाला तर अख्खा ढीग एकेक करून तपासायचा. नोकरी संपली, पण नियम संपला नाही. आंब्याच्या पेटीला तोच नियम, भाजीवालीच्या पाटीला तोच. मला दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या बुटांचे तळवे पाहिले. श्यामलाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, हट्ट धरला म्हणून मी सुटलो. "चालेल," असं ते म्हणाले होते. त्यांच्या तोंडून इतकं कौतुक ऐकलेला मी एकटाच जावई आहे, कारण त्यांना मुलगी एकच.

अशा माणसाला मित्र नसतो. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एक होता. सिराजभाई आत्तार यांचं भवानी पेठेत रिक्षांचे हूड आणि सीट शिवायचं दुकान होतं. नानांनी त्यांच्याकडून स्कूटरचं सीट कव्हर शिवून घेतलं आणि शिवण तिरकी म्हणून परत केलं. सिराजभाईंनी उसवून पुन्हा शिवलं. नानांनी तेही परत केलं. तिसऱ्या वेळी सिराजभाई म्हणाले, "आता परत आणलंत तर चहा तुम्ही पाजायचा." नानांनी ते परत आणलं आणि चहा पाजला. तेव्हापासून ते रोज एकमेकांना भेटत आणि एकमेकांच्या कामात खोड काढत. दोघंही एकमेकांना "अहो-जाहो" करत, कारण अरे-तुरे करण्याइतकं एकमत त्यांचं कधी झालं नाही.

होडीही याच मार्गाने आली. खडकवासल्याच्या तळ्यावर एक बोटक्लब आहे. तिथल्या कुणा अधिकाऱ्याच्या शिडाची शिवण सिराजभाईंनी दुरुस्त केली, त्याने खूश होऊन त्यांना तळ्यावर एक चक्कर मारून आणली आणि हा माणूस वेडा झाला. पुढच्या रविवारी त्यांनी नानांना नेलं. नानांनी होडी खालून-वरून पाहिली आणि तिच्यात असंख्य दोष काढले. त्या अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा दोघांनी मिळून तीच होडी घेतली. इतकी सदोष वस्तू परक्याच्या हाती जाऊ देणं नानांना बरं वाटलं नसावं. होडीला नाव मात्र नाही. सिराजभाईंनी सुचवलेलं एकही नाव पास झालं नाही.

वीस-बावीस वर्षं हे दोघं त्या होडीतून फिरले. सुकाणू सिराजभाईंच्या हातात आणि शिडाची दोरी नानांच्या. सिराजभाईंना वारा मानेवर कळायचा. नानांना तो कधीच पसंत पडायचा नाही. मी दोन-तीनदा गेलो. मला मधे बसवून ठेवत आणि वारा वाढला की "जावईबापू, सरका" म्हणत. माझा उपयोग वजनापुरता होता, तेवढा मी निभावला.

मग सिराजभाईंना काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं आणि आता नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरलं होतं. नानांनी साहजिकच तो डॉक्टर नाकारला. दुसरा नाकारला. तिसऱ्यानेही तेच सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, किती टिकेल सांगता येत नाही, पण पावसाळ्यापर्यंत तरी टिकावं. तिसऱ्याला नाना काही बोलले नाहीत. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सिराजभाई म्हणाले, "दुकान पोरगं बघतंय. मला फक्त दिसेल तोवर होडी चालवायची आहे. स्वतः. धरणाच्या भिंतीपासून पार पलीकडच्या काठापर्यंत. बाकी काही नाही." ते मला म्हणाले, नाना पुढे चालत होते. पण त्यांनी ऐकलं, कारण ते थांबले आणि म्हणाले, "आधी होडी बाहेर काढून बघायला पाहिजे."

मार्चमध्ये होडी बाहेर काढली. ट्रॉली पाण्यात ढकलायची, होडी तिच्यावर आणायची आणि दहा-बारा माणसांनी दोर ओढून ती उतारावरून वर घ्यायची. हे तळं म्हणजे पुण्याचं पिण्याचं पाणी, त्यामुळे रंग आणि घासकाम काठापासून लांब, शेडमध्ये, खाली ताडपत्री अंथरून करावं लागतं. होडी ठोकळ्यांवर चढवली. हिच्या पोटाखाली उभ्या फळीसारखा एक जाड भाग आहे, त्याला कील म्हणतात. आत शिसं आणि वरून फायबर. ती पाण्याखाली असते म्हणून वाऱ्याने होडी कलंडत नाही. नानांनी शेवाळ खरवडलं, जुना रंग घासला, बॅटरी तिरकी धरून पाहिलं आणि खिशातून लाल खडू काढला.

कीलला फोड आले होते. रुपयाएवढे, काही बोराएवढे, पोळल्यावर हाताला येतात तसे. नानांनी एकात चाकूचं टोक घातलं. आतून तपकिरी पाण्याची चिळकांडी उडाली आणि शेडमध्ये व्हिनेगरचा वास पसरला. वर्षानुवर्षं पाणी वरच्या थरातून आत झिरपतं आणि फायबरच्या थरांत साठून फुगतं, असं क्लबच्या लोकांनी सांगितलं. उपाय सगळ्यांना माहीत होता. फोड उघडायचे, धुवायचे, कील खडखडीत वाळू द्यायची, मग खाचांत इपॉक्सीची लांबी, म्हणजे घट्ट लुकण, भरायची, घासायचं, रंग द्यायचा. उन्हाळ्याचे दिवस, तीन-चार आठवड्यांत वाळेल, असं सगळ्यांचं मत पडलं.

नानांनी अख्खा ढीग तपासला. म्हणजे जिथे फोड होते तिथलं खरवडलंच, पण जिथे नव्हते तिथलंही खरवडलं, कारण तिथे नाहीत हे कशावरून. ग्राइंडर घेऊन ते सकाळी आत शिरत आणि दुपारी पांढरे होऊन बाहेर येत. सिराजभाई शेडच्या दारात स्टुलावर बसून असत. "साहेब, आता आतलं शिसं दिसेल," ते म्हणत. "दिसू दे," नाना म्हणत. सिराजभाईंना बसमधून एकट्याने येणं जमत नव्हतं, म्हणून नाना खडकीहून आधी स्वारगेटला जात, तिथे सिराजभाईंचा मुलगा त्यांना आणून सोडी आणि मग दोघं खडकवासल्याची बस धरत. दिवसभराची मजुरी यापेक्षा सोपी असते. मी एकदा तसं म्हणालो. त्यावर नानांनी मला पॉलिशपेपर आणायला पाठवलं.

कील धुऊन झाल्यावर प्रश्न आला दवाचा. रात्री तळ्यावरून गार हवा येते आणि सकाळी सगळं ओलसर होतं. हे सिराजभाईंचं क्षेत्र होतं. त्यांनी दुकानातलं उत्तम काळं रेक्झिन घेतलं आणि कीलला कव्हर शिवलं. डोळे तसे असताना मापं हातांनी घेतली आणि मशीनवर मुलाला बसवलं. कव्हर काय बसलं होतं! कडेला पायपिंग आणि खाली चेन. रिक्षाच्या हुडातून पावसाचा थेंब आत येत नाही, तसा या कव्हरातून हवेचा कणही आत जाणार नाही असा त्यांचा दावा होता आणि तो शंभर टक्के खरा निघाला. नानांनी शिवण बोटाने तपासली आणि पहिल्यांदाच काही परत केलं नाही. सिराजभाईंचा चेहरा उजळला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रोज सकाळी चेन उघडून नाना कीलवर तळहात ठेवत. हात ओला होई. "वाळली नाही," ते म्हणत आणि चेन लावत. एप्रिल असा गेला. पुण्यात माणसं वाळून चालली होती, झाडांची पानं कुरकुरीत झाली होती, आणि ही कील तेवढी ओली. क्लबातले लोक येऊन पाहून जात. कुणी म्हणालं फायबर खराब आहे, कुणी म्हणालं आत खोलवर पाणी आहे. सिराजभाई कुणालाच काही म्हणत नसत. एकदा मी त्यांना चहाचा ग्लास दिला तर त्यांचा हात ग्लासाच्या शेजारून गेला. मी ग्लास त्यांच्या हातात दिला. ते हसले आणि म्हणाले, "मधलंही थोडं पुसट व्हायला लागलंय. साहेबांना सांगू नका, उगाच घाई करतील आणि काम बिघडेल." आत नाना कीलवर हात ठेवून उभे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

मेच्या मध्याला एका रविवारी मी माझी मारुती काढली आणि नाना, सिराजभाई आणि सासूबाई अशा तिघांना घेऊन खडकवासल्याला गेलो. सासूबाई, प्रेमला त्यांचं नाव, इतक्या वर्षांत होडीकडे कधी फिरकल्या नव्हत्या. "घरात तपासणी पुरेशी होते," असं त्या म्हणत. त्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. शेडमध्ये आल्या, कव्हर पाहिलं, चेन खाली ओढली आणि आतून रेक्झिनला बोट लावलं. बोटावरून पाणी ओघळलं.

"हे कुणी शिवलं?"

"मी, वहिनी," सिराजभाई अभिमानाने म्हणाले.

"सुरेख शिवलंय. पण झाकून ठेवलंत तर वाळणार कसं? मी कुरडया गच्चीवर घालते त्या काय गोधडी पांघरून घालते का?"

मग सिराजभाईंनी कव्हराला आतून हात लावला आणि सावकाश कोपरापर्यंत आत घातला. रेक्झिनला घाम सुटत होता आणि तोच रोज कीलवर बसत होता. "या अल्ला," ते म्हणाले. "माझ्याच कव्हराने." ते स्टुलावर बसले. "माझ्याच हाताने घालवले दिवस." नानांनी कव्हर काढलं, नीट घडी केली आणि बाजूला ठेवलं. दुपारभर ऊन तिरकं येऊन कीलवर पडलं. भाकरी कुणाला फारशी गेली नाही.

परतताना सिराजभाईंना भवानी पेठेत सोडलं. मुलगा दारातच होता, त्याने वडिलांचा दंड धरून त्यांना पायरी चढवली. आम्ही खडकीच्या वाटेला लागलो. मालधक्का चौकात सिग्नल लागला. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कळलं नव्हतं होय?"

नाना पुढे माझ्या शेजारी होते. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी गाडी बाजूला घेतली.

"पहिल्याच सकाळी कळलं," नाना म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मग बोलला का नाहीत?"

"होडी पाण्यात गेली असती. तो पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आला असता आणि म्हणाला असता, झालं. मग दुकानाच्या पायरीवर बसून राहिला असता." त्यांनी काचेबाहेर पाहिलं. "ती कील वाळेपर्यंत तो रोज येत होता. मला दुसरं कोण आहे?"

सिराजभाईंना ते कधी "तो" म्हणत नसत. मला बोलायला नको होतं, सासरे होते ते, पण मला संताप आला. मी म्हणालो, "नाना, त्यांचे डोळे थांबलेत का कील वाळायची वाट बघत? चहाचा ग्लास सापडत नाही त्यांना. तुम्हाला सांगू नका म्हणाले, तुम्ही घाई कराल म्हणून."

"ऐकलं ते," नाना म्हणाले. "तरी मी चेन लावली."

घर आलं. नाना उतरले, जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "उद्या इपॉक्सी घेऊन ठेवा. चांगली बघून घ्या."

कील वाळायला आठवडाही लागला नाही. उन्हाळा तिची वाट पाहत बसल्यासारखा होता. मेअखेरीला लांबी भरली. नानांनी रात्रंदिवस घासलं म्हणणं खोटं होईल, पण दिवसभर घासलं एवढं खरं. मी रजा टाकून जोडीला गेलो. सिराजभाई आता स्टुलावर बसत नसत, कीलपाशी येऊन तळहात फिरवत. रंग द्यायच्या आदल्या दिवशी त्यांची बोटं एका जागी थांबली.

"साहेब, इथं एक राहिलाय. हाताला लागतोय."

नानांनी बॅटरी धरली. मीही वाकून पाहिलं. होता. तुरीच्या दाण्याएवढा, पण होता. नानांच्या खिशात खडू होता, मला तो कापडातून दिसत होता. ते बराच वेळ वाकून राहिले. मग बॅटरी बंद करून म्हणाले, "राहू दे."

"राहू दे?" सिराजभाई म्हणाले. त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली, नाना आजारी आहेत का अशा अर्थाने. मी खांदे उडवले, पण ते त्यांना दिसलं नसावं.

जूनच्या सुरुवातीला पाऊस यायच्या आधी होडी उतारावरून खाली सोडली. आम्ही तिघं चढलो. मी मधे. सिराजभाईंनी सुकाणू घेतलं, नानांनी दोरी. पश्चिमेकडून चांगला वारा होता. धरणाची भिंत मागे गेली. सिराजभाईंनी मान थोडी वाकडी केली, मानेवर वारा घेतला आणि होडी सरळ पलीकडच्या काठाच्या रोखाने सोडली. ते हसत होते. वीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. एका तरंगत्या खुणेच्या पिंपावर होडी जवळजवळ आदळणार होती. नाना हळूच म्हणाले, "जरा डावीकडे." एरवी त्यांनी व्याख्यान दिलं असतं.

काठ जवळ आला. शेत, दोन म्हशी आणि कपडे धुणारी एक बाई. सिराजभाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "म्हैस आहे का ती?"

"दोन आहेत," नाना म्हणाले.

"मला एकच दिसते."

होडी वळली. मधल्या पाण्यात आल्यावर नाना दोरीकडे पाहत म्हणाले, "त्या कव्हराला घाम सुटत होता ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुद्दाम ठेवलं. तुम्ही येत राहावं म्हणून. तुमच्या कव्हराची काही चूक नाही. शिवण उत्तम होती."

सिराजभाईंचं हसू गेलं. होडी एका रेषेत जात राहिली. मला मधे बसून कुठे पाहावं ते कळेना, म्हणून मी शिडाकडे पाहिलं. नाना दोरी धरून बसले होते, पाठ ताठ, लाल खडूच्या गोलात बसल्यासारखे.

उताराला लागलो, ट्रॉली खाली आली. सिराजभाई सुकाणू सोडून उठले नाहीत.

"किती दिवस ठेवलंत झाकून?"

"दीड महिना. थोडा जास्तच."

"म्हणजे माझ्या डोळ्यांचा दीड महिना तुम्ही खाल्लात."

"हो."

"मला एकट्याने येता येत नाही, हे माहीत होतं ना? तुम्हीच आणत होतात रोज. तोंडाने सांगितलं असतंत की येत राहा, तर आलो नसतो का?"

"असं बोलायची सवय नाही मला," नाना म्हणाले.

सिराजभाईंनी सुकाणूवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. "ते दिवस परत द्या आता."

"कसे देऊ?"

"उद्यापासून रोज यायचं. दिसतंय तोवर मी बघून चालवतो. नंतर तुम्ही समोर काय आहे ते सांगायचं आणि मी चालवणार. एक म्हैस असली तर एक, दोन असल्या तर दोन. खोटं सांगायचं नाही. आणि दीड महिना झाला की फिटलं असं नाही. मी म्हणेन तेव्हा फिटलं."

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

"सोमवारी क्लब बंद असतो," ते म्हणाले.

"मग सोमवारी घरी या," सिराजभाई म्हणाले.